घोटाला उसंत

मऊ भाताचा घास आणि साध्या पाण्याचा घोट, यांत गिळायला सोपं काय? पाणी, असंच आपण सगळे म्हणू. चावायचं नाही, घोळवायचं नाही, तोंडात घेतलं की गेलं खाली. पण घसा दुबळा झाला की हाच सोपेपणा अंगाशी येतो. भाताचा घास जिभेवर थांबतो, ढकलल्याशिवाय हलत नाही. पाणी कुणासाठी थांबत नाही. जीभ जरा सैल पडली, घशाला जाग यायला अर्धा सेकंद उशीर झाला, की ते मिळेल त्या वाटेने निघून गेलेलं असतं. म्हणून तर अर्धांगवायूतून उठलेला, पार्किन्सन्सने संथ झालेला किंवा तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेला माणूस कधी कधी वाटीभर मऊभात नीट संपवतो आणि वरून पाण्याचा घोट घेतला की ठसकून कासावीस होतो.

अशा माणसाच्या घरच्यांना दवाखान्यातून निघताना एक चमत्कारिक सूचना मिळते: पाणी दाट करून द्या. चहा दाट, ताक दाट, औषधाबरोबरचं पाणीसुद्धा दाट. सोबत पांढऱ्या पुडीचा डबा आणि त्यात एक चिमुकलं माप. पाण्यासारखी निर्मळ गोष्ट बिघडवून काय साधणार, असं कुणाच्याही मनात येईल. या सूचनेमागचं शास्त्र जसजसं कळत गेलं, तसतसा मी थक्क होत गेलो. ती पूड घशाला सेकंदाचा एक तुकडा मिळवून देते, आणि तेवढ्या तुकड्यावर फार मोठं काही अवलंबून असतं.

आपला श्वास आणि आपलं अन्न घशात एकमेकांची वाट छेदतात. नाकातून आलेली हवा पुढच्या बाजूच्या श्वासनलिकेत जायची असते आणि तोंडातून आलेला घास मागच्या अन्ननलिकेत. म्हणजे प्रत्येक घासाला, प्रत्येक घोटाला श्वासनलिकेच्या तोंडावरून पलीकडे जावं लागतं. चार्ल्स डार्विनलाही या रचनेचं नवल वाटलं होतं. १८५९च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये त्याने ते नोंदवून ठेवलं आहे. घशातला हा चौक म्हणजे रेल्वेचं फाटकच. एका बाजूची वाहतूक पुरती थांबल्याशिवाय दुसऱ्या बाजूला सोडायचं नाही.

हे फाटक पडतं कसं, ते स्वतःच्या गळ्यावर बघता येतं. कंठमण्यावर हलकेच बोट ठेवा आणि आवंढा गिळा. बोटाखालून काहीतरी वर सरकलं आणि पुन्हा जागेवर आलं. ते तुमचं स्वरयंत्र. तेवढ्यात आत काय काय झालं पाहा. जिभेने घोट मागे ढकलला. मऊ टाळूने वर जाऊन नाकाची वाट बंद केली. श्वास थांबला. स्वरतंतू एकमेकांना भिडले, त्यांच्यावर एपिग्लॉटिस नावाची झडप आडवी झाली, आणि अख्खं स्वरयंत्र वर आणि पुढे सरकून जिभेच्या मुळाखाली आडोशाला गेलं. ते पुढे ओढलं गेलं म्हणून त्याच्या मागे एरवी आवळून बसलेलं अन्ननलिकेचं तोंड उघडलं. घोट आत गेला आणि सगळं जिथल्या तिथे आलं. घशातल्या या कामाला लागतो जेमतेम एक सेकंद. साधारण तीस जोड्या स्नायू त्यात राबतात. त्यांना हुकूम सोडणारं केंद्र मेंदूच्या अगदी तळाशी आहे, श्वास चालवणाऱ्या केंद्राच्या शेजारीच. गिळून झाल्यावर बहुतेक वेळा आपण श्वास आत घेत नाही, आधी बाहेर सोडतो, म्हणजे चुकार थेंब असलाच तर तो बाहेर फुंकला जावा. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. आईच्या पोटातलं बाळसुद्धा पहिल्या काही महिन्यांतच गर्भजल गिळायला लागतं. पुढे आयुष्यभर, दिवसातून शेकडो वेळा, झोपेतही, हे चालूच राहतं.

मेंदूतल्या रक्तस्रावाने किंवा गुठळीने या साखळीतली एखादी कडी उशिरा हलू लागली की काय होईल? घन घास थोडा वेळ वाट पाहू शकतो. पाणी फाटक पडायच्या आत रूळ ओलांडून गेलेलं असतं. ते स्वरतंतूंखाली उतरलं की जोराचा ठसका लागतो, आणि ठसका लागला तर ते चांगलंच म्हणायचं, कारण शरीर स्वतःला वाचवतं आहे. खरी भीती असते ती ठसका न लागण्याची. काही रुग्णांच्या घशाची संवेदनाच मंदावलेली असते. पाणी, चहा, लाळ खाली फुप्फुसाकडे जात राहते आणि माणूस शांत बसलेला असतो. घरच्यांच्या लक्षात येतात ती आडवळणाची चिन्हं: काही प्यायल्यावर आवाज ओला, खळखळता येणं, जेवण विनाकारण लांबणं, वजन उतरणं, कारण न सापडता पुन्हा पुन्हा ताप येणं. तोंडातले जंतू त्या पाण्याबरोबर फुप्फुसात उतरले की न्यूमोनिया होतो. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर सुरुवातीच्या दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या गिळण्यात बिघाड आढळतो. म्हणूनच इस्पितळात गिळणं तपासल्याशिवाय तोंडाने पाणीसुद्धा देऊ देत नाहीत, आणि नातेवाईक ‘घोटभर तरी द्या हो’ म्हणून विनवत राहतात.

ही लपलेली चूक डोळ्यांना दिसू लागली ती क्ष-किरणांमुळे. रुग्णाला बेरियम कालवलेला घोट द्यायचा आणि तो घशातून जाताना त्याची हलती सावली पडद्यावर पाहायची. अमेरिकेतल्या जेरी लॉगमन यांनी ही तपासणी गिळण्याच्या उपचारांच्या केंद्रस्थानी आणली. या विषयावरचा त्यांचा पायाभूत ग्रंथ १९८३चा. पुढे नाकातून बारीक दुर्बीण घशात सोडून थेट पाहण्याची पद्धतही आली. त्या सावल्यांत स्पष्ट दिसलं, की द्रव जितका दाट तितका तो सावकाश सरकतो आणि एकसंध राहतो. उशिरा जाग्या होणाऱ्या घशाला तेवढी उसंत मिळते.

आता त्या पुडीकडे येऊ. डब्यावरचे घटक वाचले तर बहुधा झँथन गम हे नाव सापडेल. कोबी लावणाऱ्या शेतकऱ्यांना काळी कूज माहीत असते, तिला घाण्या रोगही म्हणतात. पानाच्या कडेपासून आत निमुळते होत जाणारे पिवळे डाग पडतात, शिरा काळ्या पडतात आणि गड्डा सडू लागतो. हा रोग आणणारा जंतू झँथोमोनस कॅम्पेस्ट्रिस. तो आपल्याभोवती एक चिकट, बुळबुळीत पदार्थ तयार करतो. अमेरिकेच्या शेती खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स ही रसायनशास्त्रज्ञ आणि तिचे सहकारी जंतूंनी बनवलेले असे पदार्थ हुडकत होते, आणि त्यांना हा गोंद सापडला. साखरेच्या पाण्यात जंतू वाढवायचे, गोंद वेगळा करायचा, वाळवायचा, दळायचा. १९६९मध्ये तिथे त्याला अन्नात वापरायची परवानगी मिळाली. आज तो सॉसमध्ये असतो, आइस्क्रीममध्ये असतो, टूथपेस्टमध्येही असतो. कोबीच्या शेताची नासाडी करणाऱ्या जंतूचा गोंद माणसाच्या घशाला सावरतो, हे मला अजूनही अद्भुत वाटतं.

त्याहून अद्भुत आहे त्याचं वागणं. शंभर भाग पाण्यात एखादा भाग, कधी त्याहूनही कमी, एवढाच तो लागतो. त्याचे रेणू लांबलचक आणि ताठ असतात. पाणी स्थिर असताना ते एकमेकांत गुंतून जाळं विणतात आणि पाणी दाट होतं. पाणी ढवळलं की रेणू प्रवाहाच्या दिशेने ओळीत लागतात, जाळं सुटतं आणि तेच पाणी पातळ वाटू लागतं. थांबलं की लगेच पुन्हा दाट. पेल्यात चमचा फिरवताना हा फरक हाताला कळतो. घशासाठी ही मोठीच सोय आहे. दुबळ्या जिभेने जोर लावला की घोट सहज सरकतो, आणि जोर संपला की सांडत, पसरत सुटत नाही.

पण दाटपणासाठी पूडच कशाला, आपल्याकडे पेज आहे की! प्रश्न अगदी रास्त आहे. आजारी माणसाच्या पातळ-दाट अन्नाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. आयुर्वेदात तांदळाच्या पेजेचे मंड, पेया, विलेपी असे दाटपणानुसार प्रकार केलेले आहेत. शार्ङ्गधरसंहितेत विलेपीला तांदळाच्या चौपट पाणी, मंडाला चौदापट असं मापही दिलं आहे. तो विचार पचनाचा होता, गिळण्याचा नव्हता, तरी दाटपणा मोजून द्यायचा ही दृष्टी तीच. अडचण येते ती वेगळीकडून. पेज, आंबील, नाचणीचं सत्त्व, आरारूटची कांजी यांचा दाटपणा पिठातल्या स्टार्चचा. आपल्या लाळेत अमायलेज नावाचं विकर असतं, ते स्टार्च तोडायला लगेच सुरुवात करतं. लहान बाळाला भरवून झाल्यावर वाटीत उरलेली पेज थोड्या वेळाने बघा. भरवताना घट्ट होती ती कडेने पाणी सोडून पातळ झालेली असते. चमच्याबरोबर बाळाची लाळ वाटीत आली आणि तिने तिचं काम केलं. निरोगी माणसाला त्याने काही फरक पडत नाही. दाटपणावरच ज्याची भिस्त आहे त्याचा घोट मात्र अर्ध्या वाटेत पातळ होतो. झँथनला अमायलेज हात लावू शकत नाही. आपल्या गवारीच्या बियांपासून निघणारा ग्वार गमही लाळेला दाद देत नाही, आणि जगात सर्वांत जास्त गवार पिकते ती भारतात.

आमच्या अण्णांना पार्किन्सन्समुळे दाट चहा सुरू झाला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, “हा प्यायचा की चाटायचा?” त्यांचा राग मला समजत होता. त्यांना चहा लागायचा बशीत, फुर्रकन ओढून. ती फुर्रकन ओढण्याची रीतच घातक होती, कारण ओढताना श्वास आणि चहा एकाच वेळी आत येतात. त्यांची सून चहात आलं, वेलदोडा वाढवू लागली. दाट द्रवात चव दबते, त्यामुळे मसाला, लिंबू, जिरं सढळ हाताने घालावं लागतं. पूड घालायचीही एक हातोटी आहे. एकदम ओतली तर गुठळ्या होतात, आणि गुठळी घशात अडकू शकते. काट्याने किंवा छोट्या रवीने पेय फिरवत ठेवून वरून भुरभुरायची. मग थांबायचं. पाण्यात दाटपणा लवकर येतो. दुधात आणि दुधाच्या चहात त्याला वेळ लागतो. त्या मधल्या वेळात ‘अजून पातळच आहे’ म्हणून पुन्हा पूड घातली, की पाच मिनिटांनी पेल्यात चमचा उभा राहतो. ते पेय वाया गेलं असंच समजायचं, कारण गरजेपेक्षा दाटही धोक्याचंच. दुबळा घसा ते पूर्ण ढकलू शकत नाही. जिभेच्या मुळाशी आणि घशाच्या कोनाड्यांत ते साचून राहतं आणि नंतर सावकाश श्वासनलिकेत उतरतं.

किती दाट हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. पूर्वी अमेरिकेत फळांच्या रसाइतकं, मधाइतकं, पुडिंगइतकं अशी वर्णनं चालत; पण कुणाचा मध कसा, हे कोण ठरवणार? २०१३मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन इड्सी नावाचा उपक्रम सुरू केला आणि सगळ्या जगासाठी एकच पट्टी आखली. पेयांसाठी तिच्यात शून्य ते चार अशा पातळ्या आहेत. मोजायचं साधन म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारी १० मिलीची साधी सिरिंज. दांडा काढून टाका, खालचं तोंड बोटाने दाबा, १०च्या रेघेपर्यंत पेय भरा. बोट काढा, बरोबर दहा सेकंदांनी पुन्हा दाबा, आणि किती उरलं ते वाचा. १ मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळी शून्य, म्हणजे साधं पाणी. १ ते ४ उरलं तर पहिली, ४ ते ८ दुसरी, ८च्या वर तिसरी. एक थेंबही सुटला नाही तर चौथी. ती पेल्याने पिता येत नाही, चमच्यानेच भरवायची. सिरिंजची लांबी मात्र शून्यापासून १०च्या रेघेपर्यंत ६१.५ मिलिमीटर असायला हवी, नाहीतर आकडे चुकतात. पेय ज्या तापमानाला प्यायचं त्याच तापमानाला मोजायचं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर होणारी ही तपासणी मला फार आवडते. आमरस, ताक, टोमॅटोचं सार, कोकमाचं आगळ, सगळ्यांना तिथे एकाच मापाने उत्तर द्यावं लागतं.

काही पदार्थ फसवे निघतात. कुल्फी घट्ट दिसते, पण तोंडात विरघळली की ती पातळ द्रव होते. कलिंगडाची फोड चावली की रस वेगळा पळतो आणि गर मागे राहतो. पातळ आमटीतला भात, दुधातले पोहे, यांत घन आणि पातळ एकाच घासात येतात, आणि दोघांचे वेग वेगळे. बद्धकोष्ठावरच्या औषधांचीही एक मेख आहे. पॉलिएथिलीन ग्लायकोल असलेली पूड स्टार्चच्या दाटकारकात मिसळली की दाटपणा मोडून पेय पाण्यासारखं होतं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२१मध्ये तसा इशाराच दिला. शिवाय गोळी कुटून दाट पाण्यातून दिली तर ती उशिरा विरघळू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारावं. पुडीचा डबा रुग्णाच्या हाताशी ठेवू नये. कोरडी पूड तोंडात गेली तर ती घशातच फुगते, आणि परदेशात तसे मृत्यू झालेले आहेत. तान्ह्या बाळांना, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांना, झँथनचं दाटकारक स्वतःच्या मनाने कधीच देऊ नये.

इतकं कौतुक केल्यावर दुसरी बाजूही तितक्याच मनापासून सांगायला हवी. २००८मध्ये अमेरिकेत पार्किन्सन्स आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. क्ष-किरणांच्या पडद्यावर मधाइतक्या दाट द्रवाने घोट चुकीच्या वाटेने जाणं सर्वांत जास्त रोखलं. मग ५१५ रुग्णांवर तीन महिने लक्ष ठेवलं: काहींना दाट पेयं, काहींना साधंच पाणी पण हनुवटी छातीकडे झुकवून. एकूण ११ टक्के रुग्णांना न्यूमोनिया झाला आणि गटागटांत ठाम फरक दिसला नाही. उलट शरीरातलं पाणी कमी होण्याचं प्रमाण दाट पेयं घेणाऱ्यांत ६ टक्के, तर साधं पाणी घेणाऱ्यांत २ टक्के होतं. दाट केलेल्या पाण्यातलं पाणी शरीर नीट शोषून घेतं, हे प्रयोगांनी दिसलं आहे. मग कमतरता का? कारण माणसं ते कमी पितात. तहान भागल्यासारखं वाटत नाही, तोंडाला बुळबुळ लागते, पेला तसाच राहतो. दाटपणा हे औषध आहे आणि औषधासारखाच तो मात्रेत हवा, असं माझं मत होत गेलं ते इथे. भागेल तेवढी कमीत कमी पातळी, आणि दिवसभरात किती पोटात गेलं याची वहीत नोंद.

लॉगमन यांच्याच परंपरेतल्या उपचारकांनी आणखी एक गोष्ट शिकवली: डोकं कुठे आहे ते पाहा. मुलाला ठसका लागला की आपण टाळूवर थापटत ‘वर बघ, वर बघ’ म्हणतो. तांब्या उंच धरून, ओठांना न लावता, मान मागे टाकून पाणी पिणं हे तर सोवळेपणाचं लक्षण. निरोगी घशाला ते झेपतं. मान मागे गेली की पाणी घशात थेट कोसळतं आणि श्वासनलिकेचं तोंड अधिक उघडं पडतं. दुबळ्या घशाच्या माणसाला सरळ बसवून, घोट लहान ठेवून, काही जणांना हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगून पाजावं लागतं. पेला काठोकाठ भरलेला असावा किंवा रुंद तोंडाचा असावा, म्हणजे तळ गाठायला मान वर करावी लागत नाही. झोपवून, बोंडल्यासारख्या चोचीच्या भांड्याने कधीच पाजू नये.

आणि तोंड स्वच्छ ठेवावं. ही सूचना इतकी साधी आहे की ती हमखास मागे पडते. फुप्फुसात थोडं निव्वळ पाणी गेलं तर शरीर बऱ्याचदा ते शोषून घेतं. इजा करतात ते पाण्यासोबत जाणारे जंतू. जपानमधल्या वृद्धाश्रमांत जेवणानंतर नियमाने दात, जीभ, कवळी साफ करायला सुरुवात केल्यावर न्यूमोनिया कमी झाल्याचं आढळलं. याच तत्त्वावर अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या फ्रेझियर पुनर्वसन केंद्राने १९८०च्या दशकात एक पद्धत आणली: जेवताना दाट पेयं, पण दोन जेवणांच्या मध्ये, तोंड नीट घासून झाल्यावर, निवडक रुग्णांना साधं पाणी. कुणाला चालेल आणि कुणाला नाही हे तपासणीनंतर उपचारकच ठरवतो. ज्याला ती मुभा मिळते त्याच्यासाठी गार पाण्याचा तो घोट काय असतो, ते बघणाऱ्यालाही कळतं.

हे सगळं ठरवणारी व्यक्ती म्हणजे स्पीच थेरपिस्ट. बोलण्याचा उपचारक गिळण्याकडे कसा, असं वाटतं खरं. पण जीभ, टाळू, स्वरयंत्र दोन्हीकडे तेच. मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला महाविद्यालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत हे शास्त्र शिकवलं जातं. त्यांच्याकडे एकदा जाऊन भागत नाही. अर्धांगवायूनंतर पुष्कळांचं गिळणं काही आठवड्यांत सुधारतं, व्यायामाने आणखी सुधारतं, आणि तिसऱ्या पातळीवरचा माणूस पहिलीवर, मग साध्या पाण्यावर येऊ शकतो. पार्किन्सन्समध्ये प्रवास उलटाही होतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली पातळी कायमची धरू नये. पुढची तारीख तिथेच मागून घ्यावी, आणि जाताना पुडीचा डबा, सिरिंज आणि नोंदवही सोबत न्यावी.